घाटातला वॉटर पार्क मुक्काम: मुलांना घेऊन जाताना कोणत्या क्रमाने काय करायचं

शनिवारी पहाटे मुलांना झोपेतून उचलून गाडीत टाकायचं, खालापूरच्या टोलनाक्याआधी तासभर अडकायचं, साडेअकराला पार्कच्या खिडकीवर पूर्ण तिकीट काढायचं आणि संध्याकाळी ओल्या, चिडलेल्या, अर्धवट झोपलेल्या मुलांना घेऊन रिसॉर्टच्या काउंटरवर खोलीची किल्ली मागायची. लोणावळा–खोपोली पट्ट्यात जाणारी बहुतेक कुटुंबं याच क्रमाने जातात आणि सहल इथेच बिघडते.

बरोबर क्रम असा: आधी खोली, मग झोप, मग रिसॉर्टचा छोटा पूल (पोहण्याचा तलाव). पार्क दुसऱ्या दिवशी, दार उघडताच. आणि जमलं तर त्या रात्रीचा मुक्कामही तिथेच. खालचं सगळं साधारण दोन ते बारा वर्षांच्या मुलांसाठी आहे. वर्षाच्या आतलं बाळ असेल तर ते थोडं मोठं होईपर्यंत हा बेत पुढे ढकला.

१. बुकिंगच्या आधी मुलांची उंची मोजा

मोबाइलवर ‘फॅमिली पॅकेज’ दिसलं की लोक आधी पैसे भरतात आणि उंचीची पट्टी थेट राइडच्या तोंडाशी बघतात. मोठ्या घसरगुंड्यांना सहसा चार फूट, म्हणजे साधारण १२२ सेंटिमीटर उंची लागते. काहींना त्याहून जास्त. अनेक पार्कांत तिकिटाचा दरही वयावर नसून उंचीवर असतो, त्यामुळे सात वर्षांच्या उंच मुलाला मोठ्यांचं तिकीट लागू शकतं.

चपला काढून, टाचा भिंतीला टेकवून, डोक्यावर पुस्तक आडवं धरून मोजा. आकडा सेंटिमीटरमध्ये लिहून ठेवा. मग पार्कच्या राइडची यादी उघडा आणि प्रत्येक मुलापुढे त्याला चालणाऱ्या राइड लिहा. मूल ११५ सेंटिमीटरचं असेल आणि यादीत त्याच्यासाठी फक्त मुलांचा पूल, लाटांचा पूल आणि तरंगत जायचा संथ प्रवाह एवढंच उरत असेल, तर महागड्या पार्काऐवजी चांगला पूल असलेलं रिसॉर्ट पुरतं. पैसे निम्मे वाचतात आणि पोरांना फरकही कळत नाही.

*तपासा:* दोन मुलांपैकी एक चार फुटांच्या वर आणि एक खाली असेल, तर किमान दोन मोठी माणसं पाण्यात उतरणारी हवीत. एक घसरगुंडीकडे, एक लहानाकडे. ‘आम्ही काठावर बसू’ म्हणणाऱ्या आजी-आजोबांना या हिशोबात धरू नका.

२. मुक्काम घाटावर की घाटाखाली, ते ठरवा

इथे नकाशा फसवतो. इमॅजिकाचा वॉटर पार्क घाटाखाली, खोपोली–पाली रस्त्यावर आहे. वेट एन जॉय हा दुसरा पार्क घाटावर, लोणावळ्याच्या बाजूला आहे. लोणावळा समुद्रसपाटीपासून साधारण ६२० मीटरवर, खोपोली शंभर मीटरच्या आत. नकाशावर दोन्ही गावं चिकटलेली दिसतात, पण मध्ये अख्खा बोरघाट आहे.

नियम साधा: ज्या बाजूचा पार्क, त्याच बाजूचा मुक्काम. लोणावळ्यात खोली घेऊन खोपोलीच्या पार्काला गेलात, तर संध्याकाळी दमलेल्या, पोटात पुलाचं पाणी गेलेल्या मुलांना घेऊन घाट चढावा लागतो. गाडीत उलटी होते ती नेमकी याच फेरीत.

दोन्ही बाजूंच्या तापमानात तीन-चार अंशांचा फरक सहज पडतो. डिसेंबर-जानेवारीत घाटावरचं पाणी सकाळी दहालाही बोचतं, घाटाखाली ते सुसह्य असतं. उलट एप्रिल-मे महिन्यांत खोपोलीचं दुपारचं ऊन लहान मुलांना झेपत नाही.

३. दिवस निवडा

सोमवारची एक सुट्टी काढता येत असेल तर रविवारी दुपारी निघा. मुंबईकर सहलवाले तेव्हा परतीच्या वाटेवर असतात, म्हणजे तुमची बाजू मोकळी. सोमवारी पार्कात घसरगुंडीच्या रांगा छोट्या असतात आणि रिसॉर्टचे दरही उतरलेले असतात. मात्र सोमवारी पार्क आणि त्यातल्या सगळ्या राइड चालू आहेत ना, हे फोन करून विचारा. देखभालीसाठी आठवड्यातला मधला एखादा दिवस धरला जातो आणि तो बदलतो.

शनिवार-रविवारच हाताशी असेल तर शुक्रवारी संध्याकाळी निघून रात्री पोहोचा आणि शनिवारी पार्क करा. रविवारी सकाळचा नाश्ता करून अकराच्या आत रस्त्याला लागा. रविवारी चारनंतर घाट उतरायला घेतलात तर अमृतांजन पुलापाशी थांबलात म्हणून समजा. रस्त्यावरचा हा जुना पूल २०२० मध्ये पाडला, पण कोंडीचं ठिकाण आणि नाव दोन्ही तसंच आहे.

पावसाळ्याबद्दल स्पष्टच सांगायचं तर जुलै-ऑगस्टमध्ये मुलांना घेऊन हा बेत करू नका. धुकं, दरडी, घाटातली कोंडी, आणि पार्कातल्या उंच राइड बंद असण्याची शक्यता. वळवाचा पाऊस मे महिन्यात आणि परतीचा ऑक्टोबरमध्ये दुपारनंतर गडगडाटासह येतो, म्हणून या दोन महिन्यांत पाण्यातलं सगळं दुपारी दोनच्या आत उरका.

इशारा: ‘वाटेत धबधब्यावर दहा मिनिटं थांबू, नाहीतरी कॉस्च्युम घातलेलाच आहे’ हा मोह टाळा. जून २०२४ मध्ये भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली माणसं, त्यात लहान मुलंही, वाहून गेली. वर डोंगरात पडलेला पाऊस खाली उभ्या माणसाला दिसत नाही. पाणी वाढतं तेव्हा मिनिटांत वाढतं.

४. पैसे भरण्याआधी रिसॉर्टला फोन करा

संकेतस्थळावरचे फोटो बघून यांतलं काही कळत नाही. विचारायचं ते असं:

- पुलाची कमीत कमी आणि जास्तीत जास्त खोली किती? मुलांचा पूल वेगळा आहे की मोठ्या पुलाचाच उथळ कोपरा? दुसरा प्रकार असेल तर मध्ये भिंत किंवा दोरी आहे का?
- जीवरक्षक किती वाजेपर्यंत असतो? ‘आमचा माणूस असतो’ हे उत्तर पुरेसं नाही. तो माणूस टॉवेलही देत असेल, चहाही आणत असेल.
- पॅकेजमधलं पार्कचं तिकीट एका दिवसाचं आहे की दोन? चेक-इनच्या दिवशीच वापरावं लागतं का? या एका ओळीमुळे सगळा क्रम कोसळतो.
- तळमजल्यावरची किंवा पुलापासून दूरची खोली मिळेल का? पुलाकडे थेट उघडणारं दार फोटोत छान दिसतं, पण तीन वर्षांचं मूल पहाटे सहाला उठून कडी काढतं तेव्हा ते धोक्याचं.
- अतिरिक्त गादी मिळते की पलंग, आणि किती वर्षांपर्यंत मूल फुकट?
- लहानग्यासाठी मऊ भात, वरण, दूध कोमट करणं स्वयंपाकघरातून होईल का, आणि रात्री किती वाजेपर्यंत?

दुपारी दोनचं चेक-इन आणि सकाळी दहा-अकराचं चेक-आउट असेल तर ‘एक दिवस’ म्हणजे वीस-एकवीस तासच. मुलं असताना लवकर खोली मिळण्यासाठी थोडे जास्त पैसे गेले तरी द्या.

५. बॅग: दोन बॅगा, दोन्ही वेगळ्या

एक मुक्कामाची, एक पार्काची. पार्काची बॅग आदल्या रात्री भरून दाराशी ठेवा. सकाळी शोधाशोध झाली की दार उघडतानाची मोकळी दोन तासांची वेळ हातची जाते.

पार्काच्या बॅगेत:

- नायलॉन किंवा लायक्राचे पोहण्याचे कपडे, प्रत्येकी दोन जोड. सुती टी-शर्ट, बर्म्युडा, लेगिंग चालत नाहीत, कारण सुताचे धागे गाळणीत अडकतात आणि भिजलेलं सूत अंगाला जड होतं. घरून न आणल्यास दारात भाड्याने घ्यावे लागतात आणि लहान मुलांचं माप हमखास संपलेलं असतं.
- रंग: भडक नारिंगी, पोपटी, गडद गुलाबी. निळा, आकाशी, पांढरा नको. निळ्या फरशीच्या पाण्यात निळ्या कपड्यातलं मूल बुडालं तर दिसत नाही. घरी टपात पाणी भरून कापड बुडवून पाहा, लगेच पटेल.
- जाड टॉवेलऐवजी पंचे. दोन पंचे एका टॉवेलच्या जागेत मावतात आणि अर्ध्या तासात वाळतात.
- पाण्यात चालणारं, किमान एसपीएफ ३०चं सनस्क्रीन. कान, मानेची मागची बाजू आणि पायाच्या पंजांची वरची बाजू हमखास सुटतात.
- मागे पट्टा असलेल्या रबरी चपला. दुपारी फरशी तापते आणि साध्या चपला पाण्यात वाहून जातात.
- लंगोटातल्या मुलांसाठी पोहण्याचे डायपर, कमीत कमी चार. हे फक्त शी अडवतात, शू नाही. नेहमीचा डायपर पाणी पिऊन फुगतो आणि फुटतो.
- ओआरएसची पाकिटं, चिकटपट्ट्या, तापाचं औषध, मुलाला नेहमी लागणारी औषधं.
- ओल्या कपड्यांसाठी दोन जाड पिशव्या.

हवेने फुगवायचे दंडपट्टे आणि रिंगा घरीच ठेवा. त्या निसटतात, उलटतात, आणि त्यापेक्षा वाईट म्हणजे मोठ्यांचं लक्ष सैल होतं. पार्कात मिळणारं लाइफ जॅकेट घ्या. घातल्यावर दोन्ही खांद्यांच्या पट्ट्यांना धरून वर उचलून पाहा. जॅकेट मुलाच्या कानापर्यंत सरकलं तर ते मोठं आहे, बदलून घ्या.

*तपासा:* गेल्या दोन आठवड्यांत कुणाला जुलाब झाले आहेत का? असतील तर ते मूल पाण्यात जाणार नाही. जुलाबाचे काही जंतू क्लोरीनच्या पाण्यातही कित्येक दिवस जिवंत राहतात. कान फुटलेला असेल किंवा कानात नळी बसवलेली असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

६. घाट चढताना

गाडी लागणाऱ्या मुलाला निघण्याआधी दूध देऊ नका. दीड-दोन तास आधी पोळी, इडली किंवा केळं असं कोरडं, हलकं खाणं द्या. उपाशी पोटीही उलटी होतेच. घाटात मोबाइल, चित्रांचं पुस्तक बंद, नजर समोरच्या रस्त्यावर. आवळासुपारी किंवा आलेपाकाचा तुकडा मोठ्या मुलांना उपयोगी पडतो, चार वर्षांखालच्यांना देऊ नका, घशात अडकतो. गोळी द्यायची असेल तर डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत, निघण्याच्या आधी. घाट सुरू झाल्यावर दिलेली गोळी उलटीबरोबर बाहेर पडते.

एक्सप्रेस वेवर घाटात गाडी थांबवता येत नाही. म्हणून पोरांची शू, पाणी, कपडे सगळं चढणीच्या आधीच्या फूड मॉलवर उरका. बटाटेवडा मोठ्यांनी खावा.

७. पहिली संध्याकाळ: फक्त रिसॉर्टचा पूल

खोली मिळाली की आधी बाल्कनी बघा. कठड्याच्या गजांमधून मुलाचं डोकं जातं का, कठड्याला लागून खुर्ची आहे का. खुर्ची आत घ्या. दाराची वरची कडी चालते का ते पाहा.

मुलांना तासभर झोपवा. मग चार ते साडेपाच पूल. मूल पाण्याला किती घाबरतं, तोंडावर पाणी आलं की गोंधळतं का, पोहण्याचा चष्मा नीट बसतो का, हे सगळं या दीड तासात कळतं. पार्कच्या गर्दीत हे शिकायला वेळ नसतो.

उतरण्याआधी पाणी बघा. तळातली जाळी स्पष्ट दिसली पाहिजे. दिसत नसेल, पाणी दुधाळ किंवा हिरवट असेल तर उतरू नका. डोळे झोंबवणारा उग्र वास म्हणजे भरपूर क्लोरीन आणि स्वच्छ पाणी, असा समज आहे. तो वास क्लोरीनचा घाम आणि लघवीशी संयोग होऊन येतो. नीट सांभाळलेल्या पुलाला जवळजवळ वास नसतो.

मुलींचे लांब केस वेणी घालून, टोपीत कोंबून. तळाच्या जाळीपाशी, पाणी ओढून घेणाऱ्या भोकांपाशी खेळू द्यायचं नाही.

रात्री साडेआठला जेवण, नऊला झोप. रेन डान्स चालू असेल तर चालू दे.

८. पार्कचा दिवस

दारापर्यंत. उघडण्याच्या वीस मिनिटं आधी पोहोचा. सनस्क्रीन खोलीवरच लावा. ते अंगात मुरायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, आणि ओल्या अंगावर लावलेलं सरळ पुलात जातं. बाहेरचं खाणं आत नेता येत नाही, पण बाळाचं खाणं बहुतेक ठिकाणी सोडतात. ते वेगळ्या डब्यात, वर दिसेल असं ठेवा.

आत गेल्यावर पहिली पाच मिनिटं. लॉकर घ्या आणि भेटायची जागा ठरवा, ‘लॉकर नंबर अमुकपाशी’ अशी, ‘कॅन्टीनजवळ’ अशी नाही. प्रत्येक मुलाच्या मनगटावर किंवा दंडावर पाण्याने न जाणाऱ्या पेनने फोन नंबर लिहा. कपडे बदललेल्या मुलांचा एक फोटो काढा. मूल हरवलं तर ‘काय घातलं होतं’ याचं उत्तर घाबरलेल्या आई-बाबांना आठवत नाही.

राखणदार ठरवा. दहा मोठी माणसं काठावर असताना मूल बुडतं, कारण प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. एका वेळी एकच राखणदार, पंधरा मिनिटांची पाळी. त्याच्या हातात फोन नाही, गप्पा नाहीत. पाळी बदलताना ‘आता तू’ असं तोंडाने म्हणायचं आणि गळ्यातली शिट्टी पुढच्याकडे द्यायची. पाच वर्षांखालचं मूल कायम हाताच्या अंतरात. आणि बुडणारं मूल ओरडत नाही, हात हलवत नाही. तोंड पाण्याच्या पातळीशी, डोकं मागे, डोळे काचेसारखे आणि आवाज नाही. हसणारं-खिदळणारं पोर अचानक गप्प झालं की आधी तिकडे पाहा.

राइडचा क्रम. सगळे आत शिरताच लाटांच्या पुलाकडे धावतात. तुम्ही उलट जा. पहिला दीड तास मोठ्या घसरगुंड्या, तेव्हा रांग नसते. मग मुलांचा पूल. साडेअकरा ते बारा संथ प्रवाह. लाटा जेवणानंतर, गर्दी जरा पांगल्यावर.

घसरगुंडीवर पाठीवर झोपून, पाय पुढे, घोटे एकमेकांवर, हात छातीवर घट्ट. कोपरं बाहेर काढली की सोलली जातात. मुलाला मांडीवर घेऊन बसायचं नाही. मोठ्या माणसाच्या वजनाने वेग वाढतो आणि वळणावर मुलाचा पाय कडेला अडकून मुरगळतो. खाली पोहोचल्यावर सरळ पुढे न जाता लगेच बाजूला. मागचा येतच असतो.

लाटांच्या पुलात घंटा किंवा भोंगा वाजला की लाटा सुरू होणार. लहान मुलांना शांत पाण्यात गुडघ्याएवढंच पाणी असेल तिथेच थांबवा, लाट आली की तेच कमरेपर्यंत चढतं. भिंतीला चिकटून उभं राहू नका, लाट मुलाला भिंतीवर आपटते. आणि तोंड लाटेकडे.

इशारा: ओठ निळसर, दात वाजताहेत, मूल गप्प आणि हट्टी झालंय, म्हणजे थंडी भरली. ‘अजून पाचच मिनिटं’ ऐकू नका. बाहेर, ओले कपडे काढून पंच्यात गुंडाळा, गरम दूध द्या. मोठ्यांना थंडी वाजत नाही म्हणून मुलांना वाजत नसेल असं नसतं. लहान अंग लवकर गार पडतं.

दर ४५ मिनिटांनी बाहेर. शू, चार घोट पाणी, दोन बिस्किटं. पाण्यात असलं तरी अंगातून घाम जातोच, फक्त दिसत नाही. सनस्क्रीन दर दोन तासांनी पुन्हा, अंग पुसून. ओआरएसचं मोठं पाकीट, साधारण २१ ग्रॅमचं, एक लिटर पाण्यासाठी असतं. पेलाभर पाण्यात ओतलेलं मोठं पाकीट औषध न राहता खारट विष होतं. छोटं, चार-साडेचार ग्रॅमचं पाकीट २०० मिलिलिटरसाठी.

जेवण बारा वाजताच. साडेबारानंतर रांग दुप्पट होते. दहीभात, वरणभात, इडली. पावभाजी, चायनीज परत निघताना. जेवल्यावर पाऊण तास सावलीत.

विजा. गडगडाट ऐकू आला की पाण्यातून बाहेर. पार्कने भोंगा वाजवायची वाट बघू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास होईपर्यंत परत उतरायचं नाही. झाडाखाली किंवा पत्र्याच्या शेडखाली न थांबता पक्क्या इमारतीत थांबा.

बाहेर पडणं साडेतीन-चारला. शेवटच्या तासात थकलेली मुलं पळतात आणि ओल्या फरशीवर पडतात. अपघात याच तासात होतात.

९. नाकातोंडात पाणी गेलं तर

मूल पाण्यातून बेशुद्ध काढलं तर जीवरक्षकाला हाक मारा, कुणाला तरी १०८ किंवा ११२ लावायला सांगा. पोट दाबून पाणी काढू नका, मुलाला उलटं धरून गरगर फिरवू नका. आपल्याकडे हेच आधी केलं जातं आणि त्यात मोलाची मिनिटं जातात. श्वास चालू नसेल तर तोंडाने श्वास आणि छातीचे दाब, मदत येईपर्यंत. हे जाण्याआधी कुणाकडून तरी प्रत्यक्ष शिकून घ्या, वाचून जमत नाही.

गटांगळ्या खाल्लेलं मूल शुद्धीवर असलं, तरी पुढचे सात-आठ तास लक्ष ठेवा. खोकला थांबत नाही, श्वास भरभर चालतोय, उलट्या होताहेत किंवा नेहमीपेक्षा वेगळी गुंगी आहे, तर थेट रुग्णालयात. ‘दमलाय, झोपू दे’ म्हणून सोडू नका.

१०. परत आल्यावर, त्याच संध्याकाळी

खोलीवर पोहोचताच साबणाने आंघोळ. डोकं एका बाजूला कलवून कानाची पाळी हलकेच ओढा, पाणी निथळू द्या, पंच्याच्या टोकाने बाहेरूनच टिपा. कानात काडी घालू नका. पुढच्या दोन दिवसांत मूल कानाची पाळी ओढल्यावर कळवळलं तर डॉक्टरांना दाखवा.

पोहण्याचे कपडे गार साध्या पाण्यातून काढा, पिळू नका. पंच्यात गुंडाळून दाबा आणि सावलीत टाका. उन्हात टाकलेलं किंवा ओलं पिशवीत कोंबलेलं लायक्रा दुसऱ्या सहलीला लोंबायला लागतं. निघायच्या सकाळी थोडं दमट राहिलं असेल तर गाडीत मागच्या सीटच्या पाठीवर पसरून न्या, डिकीतल्या बॅगेत नाही.